दहा ते बाराचा पहारा

माणसाला लघवीला नीट व्हावं, एवढं साधं मागणं मी देवापुढं धरलं, आणि तेवढंही देवानं मनावर घेऊ नये! गेल्या तीन वर्षांत दुसरं काही मागितलं असेल तर शपथ. लेकाची बदली जवळ होऊ दे म्हणालो नाही, बोअरला पाणी लागू दे म्हणालो नाही. सकाळी उठावं, मोरीत उभं राहावं, आणि शेंबड्या पोरालाही जे न मागता मिळतं ते मला मिळावं. बस्स. पण न्हाई. मी आपला भिंतीला हात टेकून उभा, आणि खाली थेंब, मग थांबा, मग थेंब. वर आग अशी, की डोळ्यांत पाणी यावं. डोळ्यांतलं तेवढं बरं येत होतं.

मी एसटीत कंडक्टर होतो. रिटायर होऊन सात-आठ वर्षं झाली, तरी गावात मला कुणी नावानं हाक मारत नाही. लहानथोर सगळे 'कंडक्टर' म्हणतात. गाव केज तालुक्यातलं, नांदूरघाटचा बाजार जवळ. जमीन म्हणाल तर नावाला. पंचायतीत मी कधी उभा राहिलो नाही, आणि कुणी उभं राहा म्हणालंही नाही. पण गावात माझी एक जागा होती. चैत्रात आमच्या मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो, त्यात सकाळी दहा ते बाराचा पहारा माझा.

ज्यांनी सप्ताह पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सात दिवस देवापुढं वीणा वाजती ठेवायची. ती जमिनीला टेकवायची नाही, खुंटीला अडकवायची नाही. सतत कुणीतरी गळ्यात घालून उभं राहायचं. दोन-दोन तासांचे पहारे वाटून दिलेले असतात. वेळ झाली की पुढचा माणूस येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पुढचा आला नाही तर तुम्ही उभेच. पाय मोडला तरी उभे. दहा ते बारा माझ्या वडलांचा होता, त्यांच्यामागं माझ्याकडं आला. नोकरीत असताना मी साहेबाच्या हातापाया पडून त्या आठवड्याची रजा घ्यायचो, पण पहारा चुकवला नाही. माझ्यानंतर बारा ते दोनचा जो माणूस, तो गावचा सगळ्यात मोठा बागायतदार. दोन ट्रॅक्टर, एक जीप, आणि कायम निवडणुकीच्या कुठल्या ना कुठल्या तिकिटाच्या मागं. एरवी तो मला 'काय कंडक्टर, बरंय का' यापलीकडं बोलायचा नाही. पण त्या सात दिवसांत रोज बाराला तो वाकायचा आणि माझ्या पायाला हात लावायचा. मला आयुष्यात मोठेपणा म्हणून जे काही मिळालं ते एवढंच. ते जाऊ नये म्हणून मी जे केलं ते आता सांगतो. हसायचं असेल तर हसा.

सुरुवातीला सगळ्यांनी एकच निदान केलं. उन्हाळी! लघवीला जळजळ झाली की आमच्याकडं त्याला उन्हाळी लागली म्हणतात, मग बाहेर पौषाची थंडी का असेना. बायको म्हणाली, "तुमी पाणीच पीत न्हाईत, लागल न्हाई तर काय हुईल?" तिनं धन्या-जिऱ्याचं पाणी सुरू केलं. शेजारच्या काकूंनी सब्जा पाठवला. मेहुण्यानं रानातून सराटे आणून दिले, म्हणे उकळून प्या, खडे असले तरी पडतात. मी सगळं प्यालो. तांब्यावर तांब्या प्यालो. आणि जे बाहेर पडायलाच तयार नाही त्याच्यात आणखी भर घालत बसलो. रात्र म्हणजे अंथरुणातून मोरी आणि मोरीतून अंथरूण. बरं, ती जळजळ काही एकाच जागी राहिली नाही. बैठकीच्या जागी, आत खोल, कुणीतरी निखारा ठेवल्यासारखं दुखायला लागलं. पाटावर बसून जेवता येईना. ज्या माणसानं उभ्यानं नोकरी केली त्याला रिटायर झाल्यावरही उभ्यानंच जेवायची पाळी आली, याला काय म्हणायचं?

पारावर लपून राहत नाही काही. मी दर अर्ध्या तासानं उठून भिंतीआड जातो, हे चार म्हाताऱ्यांनी हेरलंच. एक म्हणाला, "कंडक्टर, मुक्कामी गाडी लई केली तुमी. कोणत्या मुक्कामाचं दुखणं हाय हे?" सगळे खो खो हसले. मीही हसलो. करता काय? आमच्याकडं पुरुषाची लघवी जळली की दोनच गोष्टी, एक उन्हाळी, नाहीतर परमा. आणि परमा म्हणजे बाई. तिसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्यासुद्धा आलं नव्हतं.

बोलणं घरापर्यंत आलं. एक दिवस दुपारी भाकरी वाढता वाढता बायको थांबली. "एक इचारते, रागावू नका. खरं सांगा. नोकरीत असताना कुठं गेलतात का?"

चाळीस वर्षांचा संसार! माझा घास हातातच राहिला. ओरडावं म्हटलं तर ओरडताही येईना, कारण ओरडलं की खाली कळ यायची. मी म्हणालो, "गेलतो ना. डेपोच्या ड्यूटीला, आन् तिथनं घरी." तिनं उरलेली भाकरी वाढली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच लेकाला फोन लावला आणि म्हणाली, "बापाला बीडला मोठ्या डाक्टरला दाखवायचंय, सुट्टी काढ." त्या माऊलीनं माझ्यावर विश्वास ठेवला की नाही ते मी आजवर विचारलेलं नाही.

बीडचा डॉक्टर पोरगेलासा. याचं अर्धं तिकीट मीच कधीतरी फाडलं असेल असं वाटलं. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, लघवी झाली. मग म्हणाला, "बाबा, कुशीवर झोपा, गुडघे पोटाशी घ्या. बोटानं तपासायचंय." कुठं बोट घालणार हे मला कळेपर्यंत काम झालं होतं. आतल्या त्या निखाऱ्यावरच त्यानं बोट ठेवलं, आणि मी असा किंचाळलो, की बाहेर बसलेला लेक उठून उभा राहिला. मग त्यानं मला समजावलं. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी एक गाठ असते, प्रोस्टेट. वय झालं की ती वाढते आणि लघवीची वाट आवळते. ते पुष्कळांना होतं. पण माझ्या त्या वाढलेल्या गाठीला वर जुनी सूजही होती, वर्षानुवर्षांची, आतल्या आत धुमसणारी. "एक असतं तर सोपं होतं बाबा. तुम्हाला दोन्ही आहेत."

मी म्हणालो, "मग हे बाईबिईचं न्हाई ना?"

तो म्हणाला, "नाही हो. वयाचं आहे."

"तेवढं जरा माझ्या बायकोला सांगता का?"

लेकानं मान खाली घातली. डॉक्टरनं मात्र बायकोला आत बोलावून सांगितलं. भला माणूस.

गोळ्या सुरू झाल्या. वाढलेल्या गाठीची गोळी घेतली की धार जरा मोकळी व्हायची, पण आग तशीच. सुजेच्या गोळ्या महिना-महिना घेतल्या की आग कमी, आणि बंद केल्या की पंधरवड्यात पुन्हा हजर. दोन भावांच्या भांडणात शेताचा बांध जसा कधी इकडं सरकतो कधी तिकडं, तशी गत. आणि मग गेल्या माघात सर्दी झाली. मेडिकलवाल्याकडून नाक मोकळं करायची गोळी आणून घेतली. नाक मोकळं झालं आणि खालचं पार बंद; ती गोळी खालची वाट आवळते हे मला कुठं ठाऊक! एक थेंब नाही. दुपारपर्यंत ओटीपोट नगाऱ्यासारखं झालं. मी अंगणात चकरा मारतोय, देवाला शिव्या देतोय, बायको गरम पाण्याची पिशवी घेऊन माझ्यामागं फिरतेय. लेक नोकरीच्या गावी. शेवटी शेजाऱ्याच्या गाडीत घालून बीडला नेलं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला ठाऊक होता, सबंध नोकरी त्यांच्यावरून गेली, पण त्या दिवशी प्रत्येकानं वेगळा हिशेब चुकता केला.

डॉक्टरनं नळी घातली. घालताना ब्रह्मांड आठवलं. पण मग जे पोट उतरत गेलं! लग्नात, लेक झाला तेव्हा, पहिला पगार झाला तेव्हा, कधीच इतकं सुख वाटलं नव्हतं. मी त्या डॉक्टरच्या पाया पडायला निघालो होतो, नळीमुळं उठता आलं नाही.

त्या सुखाची किंमत म्हणजे ती नळी तशीच राहिली. काढून बघितली, पुन्हा तुंबलं, पुन्हा घातली. मांडीला पिशवी बांधलेली, तिच्यात दिवसभर पिवळं साचत राहणार, खालची तोटी उघडून ते ओतायचं. मी विचारलं, ऑपरेशन करून टाका की. डॉक्टर म्हणाला, "आत सूज पेटलेली आहे, जंतू आहेत. कच्च्या गळवावर कोणी सुरी चालवतं का? आधी ती शांत होऊ द्या. चैत्र जाऊ द्या, मग बघू."

चैत्र जाऊ द्या! याला काय सांगू चैत्रात काय असतं ते?

मी आडून आडून सप्ताहाच्या कमिटीच्या अध्यक्षांचा अंदाज घेतला. अध्यक्ष म्हणजे माझ्याच वयाचे, शाळेत एका फळीवर बसलो आम्ही. म्हणालो, "समजा एखाद्या वीणेकऱ्याला दवाखान्यानं नळी लावली, तर चालतंय का हो?" ते तंबाखू मळत म्हणाले, "नळी कशाची? मुताची? अन् ते मांडीला बांधून देवापुढं हुबं ऱ्हायचं? ह्याट! त्यानं मंडपात बसावं, कीर्तन ऐकावं. वीणेला कावून हात लावतो?" मग माझ्याकडं बघून, "कुणाला लागलीय?" मी म्हणालो, "सासुरवाडीकडं हायत एक." संपलं. आता सांगायची सोयच उरली नाही.

बायकोनं पुष्कळ सांगितलं. "औंदा राहू द्या. देव काय पळून चाललाय?" मी म्हणालो, "देव न्हाई पळत. पहारा पळतो. एकदा दुसऱ्याच्या गळ्यात गेला की गेला." हे तिलाही ठाऊक होतं. गावात असे पहारे गेलेले आम्ही दोघांनी पाहिले होते. शेवटी तिनं माझ्या जुन्या खाकी पॅंटचं कापड फाडून मांडीला बांधायची एक खोळ शिवली, पिशवी तिच्यात बसेल अशी, वरून धोतर. बाहेरून काही कळत नव्हतं. तिनं मला अंगणात चालून दाखवायला लावलं, दोन बाजूंनी बघितलं, आणि म्हणाली, "सोंग तर जमलंय."

पण माझ्या मनाला अध्यक्षांचं बोलणं लागून राहिलं होतं. मुताची पिशवी बांधून देवापुढं! मी अडाणी नाही, पण लहानपणापासूनचा विटाळ असा धुतल्यानं जातो थोडाच. रात्रंदिवस विचार केला. आणि मग मला एक युक्ती सुचली. म्हटलं, पोटात आहे तोवर ते कुणाचं विटाळाचं नसतं. अध्यक्षांच्या पोटात नाही का? कीर्तनकार महाराजांच्या पोटात नाही का? ते बाहेर आलं की विटाळ. मग बाहेर येऊच द्यायचं नाही! सकाळी आंघोळीला जायचं, पिशवी ओतायची, तीन पाण्यानं धुवायची, आणि नळी दुमडून सुतळीनं करकचून बांधायची. म्हणजे माझ्या मांडीला काय? रिकामी, धुतलेली प्लास्टिकची पिशवी. तेवढी तर दुकानदारही खिशात घालून येतो. आणि पाणी आदल्या संध्याकाळपासून बंद. मला इतकं समाधान वाटलं म्हणून सांगू! वाटलं, देवानंच सुचवलं.

बायकोला यातलं काही सांगितलं नाही. ती मला सराटेही पाजेल आणि नळीही सांभाळेल, पण हे तिनं करू दिलं नसतं.

पहिल्या दिवशी निभावलं. वीणा गळ्यात पडली आणि खरं सांगतो, सगळं दुखणं विसरलो. मंडपाचे पत्रे तापलेले, समोर मारुती शेंदरानं झळाळतोय, टाळकरी दोन्ही बाजूंना, आणि मधोमध मी. बाराला बागायतदार वाकला. घरी येऊन सुतळी सोडली तेव्हा पिशवीत आलं ते गढूळ, तांबूस. मी म्हटलं असू दे. दुसऱ्या दिवशी पहाऱ्यातच पोटात कळा यायला लागल्या, आतला स्नायू दगडासारखा आवळायचा. संध्याकाळी अंग कसकसलं. बायकोनं कपाळाला हात लावून बघितला. "ताप हाय तुमाला." मी म्हणालो, "उन्हाचा हाय."

तिसऱ्या दिवशी बारा वाजले आणि बागायतदार आला नाही. केजला कुणी मोठा नेता येणार होता, हा हार घेऊन तिकडं उभा. मला वाटलं येईल. समोरच्या घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवलं, आणि घड्याळाशिवाय कुठंच बघत नव्हतो. पोटातली कळ आता थांबतच नव्हती. आणि मग थंडी वाजायला लागली. चैत्रातल्या भर दुपारी, तापल्या पत्र्याखाली, माझे दात वाजताहेत. हात थरथरत होते, वीणेची तार आपोआप झणझणत होती. लोकांना वाटलं, भाव दाटला! टाळकऱ्यांनी चाल वाढवली. कुणीतरी म्हणालं, "बघा, काय रंगलाय गडी." मी मनात म्हणत होतो, अरे मेलो रे, कुणीतरी बघा, मी रंगलो नाही, मी मरतोय. पण तोंडातून राम कृष्ण हरीशिवाय काही निघत नव्हतं.

बांधलेल्या नळीच्या कडेनं वाट फोडून ते बाहेर आलं. मांडीवरून, पोटरीवरून, गरम गरम. धोतर चिकटलं. एवढ्यात खालच्या आळीची एक म्हातारी, रंगलेल्या वीणेकऱ्याचं दर्शन घ्यावं म्हणून पुढं आली. वाकली. माझ्या पायांना हात लावला आणि तो कपाळाला नेता नेता थांबली. हात ओला होता. तिनं तो नाकाजवळ नेला, वर माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि पदराला पुसून मुकाट जाऊन बसली. बायकांत कुजबुज पसरायला बोलावं लागत नाही. टाळ एकेक करत थांबले. माझ्या पायाखाली डाग दिसत होता. सगळ्यांनी तो पाहिला, आणि सगळ्यांनी मला पाहिलं.

मी म्हणालो, "घ्या कुणीतरी. पडल माझ्या हातनं."

मंडपात तीसेक बाप्ये असतील. त्यांतल्या निम्म्यांनी कधी ना कधी वीणा धरलेली. एक जण पुढं झाला नाही. अध्यक्ष म्हणाले, "अरे, बागायतदाराला फोन लावा." फोन लागत होता, उचलत नव्हता कोणी. वीणा छातीवरून खाली घसरायला लागली. मला एकच दिसत होतं, वीणा खाली टेकणार, आणि आमच्या घराच्या हातनं टेकणार.

तेव्हा बायकांच्या बाजूनं माझी बायको उठली. बायका-बाप्यांमधली दोरी ओलांडून सरळ आली. बाप्यांकडं वळून म्हणाली, "कुणी घेता का?" कुणी हललं नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. माझ्या गळ्यातला पट्टा काढला, डोक्यावरच्या पदरावरून स्वतःच्या गळ्यात घातला, आणि तार छेडली. आमच्या गावात बाईनं सप्ताहाची वीणा धरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मग मी खाली बसलो. बसलो म्हणजे पडलोच.

दोघा शेजाऱ्यांनी मला गाडीत घातलं. मी तिचा हात धरायला बघत होतो, चल म्हणत होतो. ती नुसती मान हलवत होती. तिला येताच येत नव्हतं. गळ्यात वीणा होती, आणि ती तिच्याकडून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

पुढचं मला तिनं आणि शेजाऱ्यानं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. बागायतदार तासाभरानं आला. त्यानं ऐकलं आणि हात मागं घेतले. म्हणाला, आधी शुद्ध करा. मग कुणीतरी गोठ्यात पळालं, तांब्याभर गोमूत्र आणलं, वीणेवर शिंपडलं, जागेवर शिंपडलं, तिच्यावरही चार थेंब उडाले. मग त्यानं वीणा घेतली. तिच्या पाया मात्र तो पडला नाही. ते शिंपडणं माझ्या मुतासाठी होतं की ती बाई होती म्हणून, हे तिनं विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. गाईचं मूत पवित्र आणि आजारी माणसाचं विटाळ! मी दवाखान्यात पडल्या पडल्या यावर एकटाच हसलो, मग हसता हसता लहान पोरासारखा रडलो.

डॉक्टरनं नळीची सुतळी बघितली आणि आधी कात्रीनं ती कापली. मग म्हणाला, "बाबा, हे कोणी केलं?" मी म्हणालो, "मीच." घाण पाणी उलटं वर चढलं होतं, किडनीपर्यंत. रक्तात जंतू गेले होते. ऑपरेशन आता आणखी लांबलं. मी विचारलं, ऑपरेशन झाल्यावर तरी दोन तास उभं राहता येईल ना, कोरडं? तो खोटं बोलला नाही. म्हणाला, "वाट मोकळी होईल. पण ती जुनी सूज आहे ना, ती पूर्ण जाईलच असं नाही. आग राहील कधी कधी. घाई लागेल. कदाचित थोडं थेंबथेंबही होईल." मी भिंतीकडं तोंड केलं. मला मरायचं नव्हतं, पण त्या घटकेला जगायचंही काही कारण दिसेना.

बायको त्याच संध्याकाळी आली होती, अंगावर तीच साडी, खांद्याला पट्ट्याचा वळ. माझ्यावर ओरडली नाही. चमच्यानं पाणी पाजत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांचा फोन आला. तब्येत विचारली. मग खाकरून म्हणाले, "कंडक्टर, दहा ते बाराचं काय करायचं? आज कसंतरी भागवतो. पन तुमच्या घराचा पहारा हाय, तुमच्या तोंडानं होऊ द्या. कुणाला देऊ?"

मी म्हणालो, "द्या कुणालाबी." आणि फोन कानापासून खाली घेतला.

हिनं माझ्या हातातला फोन घेतला. "भावजी, मी बोलते. कुणाला द्यायची गरज न्हाई. उद्या धाला मी येते. काल धरली तवा खाली टेकली का? आन् आता तर तुमी शुद्धबी केलीय."

मला आधी तिचाच राग आला, काय बोलतेय ही बाई! मग वाटलं, हो म्हणा, अध्यक्ष, एकदा हो म्हणा, मी तुमच्या दारात लोळण घेईन. मी उशीवरून मान उचलून फोनकडं कान दिला.

"वहिनी, कमिटीला इचारतो आन् सांगतो," अध्यक्ष म्हणाले.

तिनं धुतलेली साडी शेजारणीकडून मागवून घेतली. पहाटेची गाडी किती वाजता आहे ते मला विचारलं, ते मला पाठच होतं. फोन उशाशी ठेवला. लेकाचा आला, मेहुण्याचा आला, कुठल्यातरी कंपनीचा आला. अध्यक्षांचा आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही. ती साडी पिशवीत घडीतच राहिली. दहा वाजले की आम्ही दोघंही एकमेकांकडं बघत नव्हतो.

सप्ताह उठला. काल्याच्या दिवशी दुपारी शेजारी भेटायला आला, स्टीलच्या डब्यात काल्याचा प्रसाद घेऊन. म्हणाला, कमिटीनं आठवणीनं पाठवलाय, तुम्हा दोघांसाठी. पहारा बागायतदाराच्या पुतण्याला दिला, हेही त्यानंच सांगितलं, डब्याचं झाकण उघडता उघडता. मी नेमाप्रमाणं हात पुढं केला, त्यानं वाढलं. मग त्यानं हिच्यापुढं डबा धरला.

ही म्हणाली, "मला भूक न्हाई."

प्रसादाला भूक लागत नसते, हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक. मी माझ्या हातातला खाल्ला.